बाळ कोणी पुसलं?

प्रश्नावलीत चौतीस प्रश्न होते आणि कौमुदी डांगेला ते एव्हाना तोंडपाठ झाले होते. कळा कधी सुरू झाल्या, कशातून नेलं, दारात किती वेळ बसवलं, कोणी ओरडलं का, कोणी हात उगारला का, उगारला तर कुठं लागला. छत्तीसगड वेगळं राज्य होऊन दहा वर्षं झाली होती. गरीब बाया घरी, सरकारी दवाखान्यात आणि खाजगी नर्सिंग होममध्ये बाळंत होतात तेव्हा त्यांच्याशी कोण कसं वागतं, हे वरच्यांना कागदावर हवं होतं. रायपुरात तेलीबांध्याला, तळ्यासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कौमुदीचं ऑफिस होतं. काम तिच्याकडे आलं, कारण ती नेमकी होती. तिच्या फॉर्मात रिकामा चौकोन सापडत नसे.

वडील रेल्वेत, मूळ घर वर्ध्याकडचं, पण कौमुदी जन्मली, वाढली रायपुरातच. वय अडतीस. लग्न केलं नव्हतं. तिला घाण सहन होत नसे. पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली आणि हात धुवायचं औषध असे. कुठल्या घरात पाणी पुढं केलं की ती हसून म्हणायची, "अभी पीकर आई हूँ, दीदी." संध्याकाळी घरी आल्यावर अंगावरचे कपडे बादलीत टाकल्याशिवाय ती पलंगाला हात लावत नसे. मे महिना आहे, घाम येतो, असं ती आईला सांगायची.

पहिल्या आठवड्यातच तिचं जेवण कमी झालं. बायांनी जे सांगितलं ते ती जसंच्या तसं लिहीत होती. आधीच्या बाईचं रक्त टेबलावर तसंच होतं, त्याच्यावरच निजवलं. रेक्झिन फाटलं होतं, आतला स्पंज ओला होता, त्याला वास होता. आयानं झाडूच्या दांड्यानं पाय बाजूला केले, हात लावायची तिला किळस येत होती. टाके घातल्यावर फडकं हातात दिलं आणि म्हणाली, तेरी गंदगी है, तू पोंछ. एका नर्सिंग होममध्ये सिस्टरनं नाकाला रुमाल बांधून विचारलं होतं, "कितने दिन से नहाई नहीं?" ती बाई दोन दिवस कळांत होती.

बाया हे सगळं न रडता सांगत. कौमुदीला त्याचाही राग यायचा.

चौदावा प्रश्न साधा होता. जन्मल्याबरोबर बाळाला कोणी पुसलं आणि कशानं? ओलं बाळ गार पडतं, म्हणून ते ताबडतोब कोरड्या कपड्यानं पुसायला हवं, एवढंच त्यामागं होतं. सिस्टर, आया, दाई, सासू, इतर, असे पाच चौकोन.

पहिल्यांदा 'इतर'वर खूण झाली ती बुधवाराच्या फॉर्मात. बुधवारा विटा वाहायची, बावीस वर्षांची. तिच्या पाऱ्याची मितानिन केंवराबाई कौमुदीबरोबर होती. मितानिन म्हणजे त्याच पाऱ्यातली, वस्तीतली बाई, सरकारनं आरोग्याचं काम शिकवलेली. कौमुदीला छत्तीसगडी समजत असे, पण बोलायला तिला केंवरा लागायची.

बुधवारा मोठ्या सरकारी रुग्णालयात गेली होती. तिच्या लुगड्यात घाण झाली होती, म्हणून आयानं तिला आत न घेता पडद्यामागच्या ट्रॉलीवर ठेवलं आणि पडदा ओढून घेतला. "नहीं तो सब टेबल खराब कर देगी." ती तिथंच बाळंत झाली. कोणी नव्हतं.

"बच्चे को किसने पोंछा?"

"कोनो नइ पोंछिन," बुधवारा म्हणाली. "साफ रिहिस."

"साफ था? खून, पानी, कुछ नहीं?"

"साफ रिहिस, दीदी."

कौमुदीनं ते खोडलं, परत लिहिलं. मग बाळाला बघायचं म्हणाली. बुधवारानं मानेनंच समोरचं घर दाखवलं. बाळ जावेकडे होतं. दोन महिन्यांची मुलगी, धष्टपुष्ट, डोळे उघडे, अजिबात न रडणारी. डोक्यावरचं जावळ खालून वर, कपाळापासून टाळूकडे, एकाच दिशेनं वळून बसलं होतं.

"कितीही तेल लावून विंचरा, तसंच होतं," जाऊ हिंदीत म्हणाली.

"मां के पास क्यों नहीं है?"

जावेनं केंवराकडे पाहिलं. केंवरा उन्हाकडे बघत होती.

दुसरी बाई घरकाम करणारी होती, समारिन. तिचं बाळंतपण सरकारी विम्याच्या कार्डावर एका खाजगी नर्सिंग होममध्ये झालं होतं. फरशी चकचकीत, एसी, भिंतीवर गोऱ्या बाळाचं चित्र. समारिनच्या केसात उवा दिसल्या म्हणून तिला वॉर्डात न ठेवता चादरी ठेवायच्या खोलीत खाट टाकून दिली. सिस्टर म्हणाली, दर्द बढ़े तो घंटी बजाना. घंटी भिंतीवर होती, खाट दुसऱ्या बाजूला.

"तो फिर बच्चे को पोंछा किसने?"

समारिननं आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई ने."

"कौन सी बाई? आया?"

"पता नहीं. मैंने आँख मूँद ली थी."

"कपड़े से पोंछा?"

"नहीं, मैडम." समारिननं आपल्या ओठांवर पदर धरला. "मुँह से."

कौमुदी त्या नर्सिंग होममध्ये गेली. सिस्टर वैतागली होती. तिनं वही काढून दाखवली. त्या दिवशी त्या खोलीत चार नवी फडकी ठेवली होती, चारही घडी न मोडता परत आली. "हम खुद हैरान थे. फर्श पर एक बूँद नहीं. और वो औरत कितनी गंदी थी, आप सोच नहीं सकतीं." हे सांगतानाही सिस्टरनं नाक मुरडलं.

तिसरी अभनपुरच्या पुढं एका खेड्यात. तिथं बाळंतपण घरी झालं होतं. त्या घरात अशी रीत की नाळ कापणारी दाई येईपर्यंत बाळंतिणीला आणि बाळाला कोणी शिवायचं नाही. सगळी माणसं अंगणात बसून राहायची. दाई तीन गावं पलीकडे एका लग्नाला गेली होती. ती यायला चार तास लागले. खोलीचं दार लोटलेलं होतं आणि सासू त्याला पाठ लावून बसली होती. आत कोणी गेलं नाही, हे तिनं कौमुदीला आपल्या नातवाची शपथ घेऊन सांगितलं.

दाई आत गेली आणि शिव्या देत बाहेर आली. कापायला काही उरलंच नव्हतं. माझं काम कोणी केलं, असं ओरडून तिनं घर डोक्यावर घेतलं. नाळ चार बोटांवर तुटलेली होती, पण पात्याची खूण नव्हती. दातवणाची काडी चावल्यावर टोकाचा कुंचला होतो तशी. खाली मातीच्या भांड्यात वार असायला हवी होती, अंगणात पुरायला. भांडं कोरडं होतं.

"कुत्ता घुसा होगा," कौमुदी म्हणाली.

"दरवाज़े पर मैं थी," सासू म्हणाली.

बाळ सुपात निजवलेलं होतं, सावलीत. त्याची आई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी पाठ करून बसली होती. तिचं पोलकं दुधानं चिंब भिजलं होतं आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. आंबूस वास कौमुदीपर्यंत आला. बाळ रडत नव्हतं. मान वळवून ते आईकडे बघत होतं. सासू बाटलीनं दूध पाजायची.

"क्यों नहीं लेती अपने बच्चे को?" कौमुदीनं जरा कडकच विचारलं.

त्या पोरीनं मागं न बघता सांगितलं, "मोला घिन लागथे, दीदी."

घिन म्हणजे किळस. कौमुदीला विचारायची गरज नव्हती.

परतताना जीपमध्ये केंवराबाई खिडकीशी बसली होती. धूळ आत येत होती. मग तिनं सहज सांगावं तसं सांगितलं, "हमारे घर में दो बार हुआ, मैडम. गाय ब्याई, और दूसरी गाय आकर बछड़ा चाट गई. फिर माँ नहीं लेती. लात मारती है. हमने नमक लगाया, गुड़ लगाया. नहीं लिया."

"ये औरतें हैं, केंवराबाई."

"हव," केंवरा म्हणाली.

त्या महिन्यात असे सहा फॉर्म झाले. सहाही बाया एकमेकींना ओळखत नव्हत्या. सहाही जणींना शेवटच्या घटकेला कोणीतरी किळस येऊन एकटं सोडलं होतं. कौमुदीनं ते ऑफिसात अच्युत सहस्रभोजने साहेबांपुढं ठेवलं. साहेब पुण्याहून आलेले, मऊ बोलणारे.

"बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे हे, कौमुदी. पुस्तकात आहे. बाळ आपलं वाटत नाही, शिवावंसं वाटत नाही."

"आणि चौदाव्या प्रश्नाचं?"

"आठवणीचा घोळ. वेदनेत माणूस काहीही बघतं. 'लागू नाही' लिहा."

कौमुदीला ते पटलं. निदान तिनं तसं लिहिलं, सहा वेळा, निळ्या शाईनं.

पूर्णिमा भेटली ती या सगळ्यानंतर. शहराबाहेर उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात, रोलिंग मिलच्या मागच्या वस्तीत, जिथं छपरांवर, तुळशीवर, वाळत टाकलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसलेली असते. नवरा दयाराम मिलमध्ये भट्टीवर. दोघं सीमेपलीकडच्या तिरोड्याकडची. दोन वर्षांच्या आत बाळंत झालेल्यांच्या यादीत तिचं नाव होतं आणि ती पुन्हा पोटुशी होती, नववा महिना भरत आलेला. कौमुदीनं हिंदीत सुरुवात केली, तेव्हा ती हसली.

"ताई, मराठी येते ना तुमाले? आडनाव आयकलं मी. मंग हिंदी काहून झाडून राहिल्या?"

कौमुदीलाही हसू आलं. महिनाभरात पहिल्यांदा ती कोणाच्या तरी ओट्यावर टेकून बसली. पूर्णिमा बोलकी होती. सासूच्या नकला करायची, मिलच्या मुकादमाला 'उपाशी बोका' म्हणायची. चौदाव्या प्रश्नापर्यंत तिनं तीनदा हसवलं. चौदावा आला तशी ती उठली आणि दार लोटून आली.

"हे तुमी सगळ्याहिलेच इचारता?"

"हो."

"कोनी काही सांगतलं?"

कौमुदीनं पेनाचं टोपण लावलं. पूर्णिमा तिच्याजवळ सरकून बसली. "माही पयली पोट्टी नणंदेकडे हाय, तिरोड्याले. लोक म्हनतात, काय माय हाय. मी सोताच देऊन टाकली, ताई. पाच दिवसांची होती. उचलाले गेली का पोटातून ढवळून ये. कोनीतरी थुकलेलं खाल्ल्यासारखं." ती थांबली. "त्या दवाखान्यात मले घाण झाली, तं सिस्टर निंगून गेली. आया निंगून गेली. मंग कोनीतरी आलं. मी डोये घट्ट मिटून होती. फक्त आवाज आयकू ये. जनावर पाणी पेते तसा."

बाहेर मिलचा भोंगा झाला. पाळी बदलत होती.

"आता हे पोट्टं मले पाह्यजे," पूर्णिमा म्हणाली. "दुसऱ्या कोनाचं नाही होऊ द्याचं. तुमी दवाखाने पाह्यले सगळे. सांगा, कुठं जाऊ मी? दुसरं काही नको. फक्त मले एकटी नका सोडू देऊ कोनाले."

कौमुदीनं फॉर्म मिटला. तिच्याकडे तीन तऱ्हेच्या जागांची माहिती होती, चाळीस बायांच्या तोंडची, तारीखवार. त्यातली एकही जागा तिला सांगता येईना. शेवटी तिनं एक लहानसं सरकारी केंद्र निवडलं, नवी इमारत, पाच खाटा, तक्रारी सगळ्यात कमी. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मी येते तुझ्यासोबत. मी हात सोडणार नाही."

"सोगन?"

"सोगन," कौमुदीनं शपथ घेतली.

पूर्णिमानं चहा केला. कपाच्या काठावर काळी भुकटी होती. कौमुदीनं तो ओठाला लावला, आणि पूर्णिमा आत गेली तसा ओट्याखाली ओतला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठला दयारामचा फोन आला. पाऊस अजून लांब होता. कौमुदी नऊला केंद्रावर पोचली. सगळं ठीक होतं. सिस्टर केरळची, शांत, पूर्णिमाला 'बेटा' म्हणणारी. टेबल पुसलेलं. कोपऱ्यात लाल बादली, कठड्यावर चार फडक्यांची घडी. कौमुदीनं हे मनात नोंदवलं. खोलीला एकच दार होतं, आपोआप मिटणारं. खिडक्यांना रंग दिलेला. पंखा चालू होता, पण हवा गरमच.

"आल्या तुमी," पूर्णिमा म्हणाली आणि तिनं कौमुदीचा हात धरला. तिचा तळवा ओला होता. कौमुदीनं हात सोडवून घेतला नाही.

दहा वाजले. अकरा वाजले. कळांच्या मधे पूर्णिमा बोलायची. "ताई, तुमी लगन काहून नाही केलं? हे पाहून भेव वाटलं का?" कौमुदी म्हणायची, "गप, श्वास घे." बाराला आया आली, पूर्णिमाकडे नि कौमुदीकडे बघून म्हणाली, "रिश्तेदार हैं?"

"हव," पूर्णिमानंच उत्तर दिलं. "बहन आय."

एक वाजता बाहेर गोंधळ झाला. ट्रॅक्टरमधून कोणी बाई आली होती, झटके येत होते. सिस्टर धावली. जाताना म्हणाली, "मैडम, आप हैं न? अभी टाइम है. मैं उसे गाड़ी में डालकर आती हूँ."

"मैं हूँ," कौमुदी म्हणाली.

आया राहिली. मग पूर्णिमाला मोठी कळ आली आणि जे व्हायचं ते झालं, सगळ्यांना होतं तसंच. रेक्झिनवरून ते पातळ घरंगळत खाली फरशीवर पडलं. आयानं एक पाऊल मागं घेतलं.

"छी! सुबह साफ करके नहीं आई? मैं नहीं छुऊँगी ये. जमादारिन को बुलाती हूँ."

"यहीं रुको," कौमुदी म्हणाली.

दार मिटलं. आया गेली होती.

आता खोलीत दोघीच होत्या. वास गरम हवेत तरंगून राहिला होता. कौमुदीनं तोंडानं श्वास घेतला, तर तो जिभेवर आला. फडकं घ्यावं, खाली पुसावं, हे तिला कळत होतं. हात पुढं होईना.

"ताई, हाय ना?"

"आहे."

पाणमोट फुटली. तो शिंतोडा कोमट होता. कौमुदीच्या कुडत्यावर आला, गळ्यावर आला. एक थेंब तिच्या खालच्या ओठावर बसला.

ती चव खारट होती.

कौमुदीनं तोंड फिरवलं. पूर्णिमाची बोटं तिच्या बोटांत अडकली होती. ती निसरडी झाली होती, म्हणून सुटायला वेळ लागला नाही.

"दोन मिनिटं. आलेच. दोन मिनिटं."

"ताई! नाही! ताई!"

दार मिटलं.

बेसिन बोळाच्या टोकाला होतं. ती पोटातलं सगळं पडेपर्यंत ओकली. नळ गरम पाणी सोडत होता. तिनं चूळ भरली, ओठ घासले, परत चूळ भरली. गळा धुतला. पिशवीतलं औषध काढून हातांना लावलं, ओठांनाही लावलं. झोंबलं. ते झोंबणं बरं वाटलं.

आरशात तिचा चेहरा नेहमीसारखा होता.

बोळात कोणी नव्हतं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. खोलीकडून काहीच आवाज नव्हता. ओरडणं नाही, कण्हणं नाही. तिनं कान दिला. पाणी ओढल्यासारखा बारीक, सावकाश आवाज येत होता. नळ असेल. तिनं नळाकडे पाहिलं. नळ बंद होता.

तिला घाई करायची होती. आपण घाई केली, असं तिला नंतरही वाटत राहिलं.

दाराशी आल्यावर तिनं घड्याळ बघितलं, सवयीनं. बाहेर पडताना एक वीस झाले होते. आता एक एकतीस झाले होते. दोन चुळा आणि हात धुणं, याला अकरा मिनिटं लागत नाहीत.

तिनं दार ढकललं.

फरशी स्वच्छ होती.

पुसल्यावर ओल राहते, लादीवर पट्टे दिसतात. तसं काही नव्हतं. फेनॉलचाही वास नव्हता. वास कसलाच नव्हता. रेक्झिन कोरडं होतं. लाल बादली रिकामी. कठड्यावर चार फडकी, तशीच घडीत.

टेबलावर, पायांकडच्या टोकाला बाळ होतं. मुलगा. गुलाबी, कोरडा, स्वच्छ. डोळे उघडे. त्याचं जावळ कपाळापासून वर वळलेलं होतं.

पूर्णिमा उशाला टेकून बसली होती. तिचे पाय, मांड्या, लुगड्याचा काठ, सगळं धुतल्यासारखं. ती भिंतीकडे बघत होती.

"पूर्णिमा," कौमुदी म्हणाली. "कोण आलं होतं? पूर्णिमा, इकडं बघ. बाळ घे."

पूर्णिमानं मान हलवली नाही.

मागून सिस्टर धापा टाकत आली. तिनं एक नजर टाकली आणि कपाळाला हात लावला. "ओह मैडम! हो भी गया? आपने अकेले किया सब?" तिनं बाळाला उचलून उलटं सुलटं बघितलं, छातीला कान लावला, हसली. "इतना साफ! मेरी तीस साल की नौकरी में किसी ने इतना साफ नहीं किया." मग तिची बोटं बाळाच्या बेंबीपाशी, नाळेच्या कुंचल्यासारख्या टोकावर थांबली. हसू गेलं. वार शोधत तिनं बादलीत पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. काही विचारण्यासाठी ती कौमुदीकडे वळली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून, न विचारताच, बाळाला फडक्यात गुंडाळू लागली.

"लो बेटा," ती पूर्णिमाला म्हणाली. "छाती से लगाओ."

पूर्णिमाच्या घशातून ओकारीचा आवाज आला. तिनं तळहात आडवा धरला. "तिकडं ठेवा त्याले."

"तुझं आहे ते," कौमुदी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "पूर्णिमा, तुला हवं होतं ना? माझं चुकलं. मला सहन झालं नाही, मी बाहेर गेले. मी हात सोडला. पण हे बाळ तुझंच आहे."

तेव्हा पूर्णिमा वळली. ती रागावलेली नव्हती. आजारी माणसाला समजावताना असतो तसा तिचा चेहरा होता.

"काहून असं म्हनता, ताई? तुमी कुठं गेल्या होत्या? गेल्या नि लगेच तं आल्या. मंग एक मिनिट सोडलं नाही मले."

"मी बोळात होते."

"मांगच्या टायमाले मी डोये मिटले होते," पूर्णिमा हळूच म्हणाली. "आज उघडे ठेवले."

सिस्टर बाळाला घेऊन दारापर्यंत गेली होती. बाळ तिच्या खांद्यावरून मान वळवून मागं बघत होतं. पूर्णिमाकडे नाही. कौमुदीकडे. आणि त्यानं तोंड उघडून बंद केलं, भुकेलं बाळ करतं तसं.

पूर्णिमानं पदराचं टोक ओढलं आणि ते दुरूनच, स्पर्श होणार नाही अशा बेतानं, पुढं केलं.

"तोंड पुसा, ताई."

कौमुदीनं हनुवटीला हात लावला. तिनं दोनदा तोंड धुतलं होतं, त्याला पाच मिनिटं झाली असतील. रायपुरात जूनच्या दुपारी तोंडावरचं पाणी मिनिटभरात वाळतं. तिची हनुवटी ओलीच होती, आणि कोमट.